नुसता सांगाडा

मिलानला गेलेला मराठी माणूस दुओमोसमोर कबुतरांसकट फोटो काढून घेतो, 'लास्ट सपर'ची तिकिटं संपली म्हणून हळहळतो आणि एवढ्याशा कपात कॉफी का देतात यावर चर्चा करतो. यातलं आम्हांला फारसं काही करू देण्यात आलं नाही. आमचा मेहुणा तिथं नोकरीला आहे आणि त्याला सायकलींचं वेड आहे. नोकरी तो फावल्या वेळात करतो.

त्याच्या दिवाणखान्यात भिंतीवर एक जुनी बियांकी टांगलेली आहे, त्या कंपनीच्या प्रसिद्ध निळसर हिरव्या रंगाची. "भावोजी, ही चालवायची नाही," त्यानं घरात पाऊल टाकताच बजावलं. हातही लावायचा नाही, असं त्याला पुढं म्हणायचं असावं. पण तोवर सौभाग्यवतींनी तिच्या हँडलवर ओला टॉवेल वाळत घातला होता. बहीण थोरली असल्यामुळे प्रकरण तिथंच मिटलं.

पहिल्याच सकाळी आमची रवानगी व्हिगोरेल्लीला झाली. हे सायकल शर्यतींचं मैदान. 1935 मधलं, लाकडी फळ्यांची धावपट्टी, वळणावर भिंतीसारखी उभी राहणारी. 1942 च्या नोव्हेंबरात, महायुद्ध ऐन भरात असताना, फाउस्तो कोप्पीनं इथं एका तासात 45 किलोमीटरांहून जास्त अंतर तोडलं आणि विश्वविक्रम केला. मेहुणा हे सांगताना कुजबुजत होता. इथंच 1965 मध्ये बीटल्स गाऊन गेले, हे मात्र त्यानं जाता जाता सांगितलं.

"अय्या, बीटल्स?" सौभाग्यवती पहिल्यांदाच खुलल्या.

"हो गं ताई. पण एवढी माणसं आत शिरल्यावर त्या फळ्यांचं काय झालं असेल, विचार कर."

याच मैदानाच्या बैठकांखाली फालिएरो मासी या कारागिरानं दुकान थाटलं होतं. मासीला लोक 'शिंपी' म्हणत, कारण तो शर्यतवाल्याचं अंग मोजून त्याच्या बेतानं सायकलची फ्रेम करी. आता शर्यतवाला बांधलेला असे दुसऱ्याच एखाद्या कंपनीशी. तिनं दिलेली सायकल त्याला मानवत नसे. मग तो गुपचूप मासीकडून फ्रेम करून घेई, तिच्यावर पैसे देणाऱ्या कंपनीचा रंग आणि नाव चढे, आणि पेपरात फोटो छापून येई तो त्या कंपनीचा. मी सरकारी कचेरीत जन्मभर अहवाल लिहिले आणि खाली सही साहेबांची झाली. त्यामुळे या मासीबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली. मेहुण्याला वाटलं, मलाही वेड लागलं. तो भलताच खूश झाला आणि म्हणाला, "उद्या माझं माप आहे. तुम्ही दोघंही चला."

माप द्यायचं होतं मिलानच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या कारखान्यात. कारखान्याचं नाव मी सांगत नाही. नाव फुटलं तर रांग वाढेल, अशी मेहुण्यानं मला शपथ घातली आहे. कारखाना म्हणजे तरी काय, एका घराच्या मागचं गॅरेज. आत एक उस्ताद, त्याची पुतणी, एक कुत्रं आणि छताला बकऱ्यांसारख्या उलट्या टांगलेल्या फ्रेमी. उस्ताद सत्तरीच्या पुढचा, पोटावर चामडी एप्रन, कानावर पेन्सिल. त्यानं माझ्याकडं पाहून मेहुण्याला काहीतरी विचारलं.

"तुमची सायकल कुणी बनवली, असं विचारतायत."

"लुधियानानं," मी म्हणालो.

हे खरंच होतं. 1986 मध्ये जगात सर्वांत जास्त सायकली काढणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात नाव गेलं ते लुधियानाच्या हीरोचं. उस्तादानं आदरानं मान हलवली. लुधियाना हा कुणी एकटा म्हातारा कारागीर असावा, अशी त्याची समजूत झालेली दिसली. मी ती मोडली नाही.

मग माप सुरू झालं. मेहुण्याला अनवाणी करून भिंतीला टेकवलं. गवंड्याकडं असते तसली लेव्हल त्याच्या दोन पायांमध्ये घालून उस्तादानं ती वर, वर आणि आणखी वर दाबली. मेहुण्याचा आवाज पातळ झाला तेव्हा त्यानं भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. मांडी, पोटरी, हात, खांद्यांची रुंदी, तळवा. आमच्या लग्नात मला सूट शिवला होता, त्या शिंप्यानं यातली निम्मी मापंसुद्धा घेतली नव्हती आणि सूट पाहून ते कळतही होतं. पुतणी आकडे वहीत उतरवत होती. नंतर प्रश्न आले. एका दमात किती किलोमीटर जाता? चढ आवडतात का? पाठ दुखते का?

पाठ म्हटल्यावर सौभाग्यवतींना राहवलं नाही. "सांग त्यांना, दहावीत असताना गच्चीवरून पडला होतास. आणि बैठक कसली असणार ते विचार. तुझा तो जुना त्रास आहे ना, गेल्या दिवाळीत उठलेला..."

"ताई, प्लीज."

"लाजतोस काय? डॉक्टरपुढं आणि शिंप्यापुढं लाजून कसं चालेल?"

मेहुण्यानं याचं भाषांतर केलं नाही. पण त्याच्या बहिणीनं ते खुणांनी केलं आणि उस्तादानं ते गंभीरपणे वहीत लिहून घ्यायला लावलं.

खरं सांगायचं तर माणसाच्या मापाची सायकल असते, हेच मला त्या गॅरेजात कळलं. आमच्या लहानपणी पुण्यात सायकल एकाच मापाची असायची, बावीस इंची आणि काळी. तासाच्या भाड्यानं ती आणायची, नळीवरून पाय जात नसे म्हणून त्रिकोणातून पलीकडं घालायचा आणि हाफ पायडल मारत, अंग वाकडं करून शनिवारवाड्याला वळसा घालून यायचं. सायकल कधी आपल्या मापाची होत नसे. आपणच वर्षा-दोन वर्षांनी तिच्या मापाचे होत असू, आणि मग आपण मोठे झालो असं घरचे म्हणत. इथं सीटखालची नळी 73 अंशांत ठेवायची की साडेबहात्तर, यावर उस्ताद आणि मेहुणा घसा ताणून वाद घालत होते. अर्धा अंश इकडंतिकडं झाल्यानं काही बिघडतं, हे मी आजवर फक्त तापाच्या बाबतीत पाहिलं होतं.

वाद मिटेना तेव्हा उस्तादानं कोपऱ्यातून एक नळी काढली आणि माझ्या हातात दिली. कोलंबसची. ही मिलानचीच कंपनी, 1919 मधली. एके काळी पोलादी नळ्यांच्या खुर्च्याही करायची. नळी हातात आली आणि मी चमकलो. हात वजनाच्या तयारीनं खाली गेला होता, आणि वजन नव्हतंच. टोकांशी पत्रा 0.9 मिलिमीटर, मध्ये फक्त 0.6, आणि ही जाडी बदलते आतल्या बाजूनं, बाहेरून बोट फिरवलं तरी कळत नाही. जिथं जोड बसणार, उष्णता लागणार, ताण येणार, तिथं जाड. मध्ये उगाच वजन कशाला? उस्तादानं तिच्यावर टिचकी मारली. नळी घंटेसारखी वाजली आणि वाजत राहिली. कुत्र्यानं कान टवकारले. उस्तादानं मला खूण केली. मीही मारली. परत मारली. सौभाग्यवतींनी "अहो!" म्हणेपर्यंत मारत होतो.

पुढं त्यानं एक जोड करून दाखवला, दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रेमचा. नळीचं टोक कानशीनं असं खोलगट घासलेलं की दुसऱ्या नळीच्या गोलाईला ते चिकटून बसलं, मध्ये कागद शिरणार नाही. वरून पोलादी लग, म्हणजे जोडावरची टोपी. आपले सोनार टाकणखार लावतात तसला लेप, मग दोन हातांत दोन वस्तू, एकात ज्योत, एकात पितळेची सळी. पोलाद आधी काळवंडलं, मग लालसर झालं, मग नारिंगी व्हायच्या बेतात आलं, आणि नेमक्या त्या क्षणी त्यानं सळी टेकवली. पितळ वितळलं आणि ज्योत जिकडं सरकेल तिकडं, फटीच्या आत, स्वतःच ओढलं जाऊ लागलं. लगच्या पलीकडच्या कडेला सोनेरी रेघ उमटली तेव्हा डाख आतपर्यंत पोचल्याची खात्री झाली. ज्योत जरा जास्त रेंगाळली तर एवढी नाजूक नळी भाजून कच्ची होते. कमी पडली तर आत पोकळी राहते आणि ती कुठल्या तरी घाटाच्या उतारावर कळते. हे सगळं उस्तादानं तोंडातली सिगरेट न काढता केलं. ती पेटवलेली नव्हती. पुतणी पेटवू देत नाही.

असल्या गॅरेजांचे दिवस मध्यंतरी संपले होते म्हणतात. कार्बनच्या फ्रेमी आल्या, त्या साच्यातून निघतात, बऱ्याचशा तैवानात. मोठी इटालियन नावंही तिकडं वळली. कांबियागोच्या कोल्नागोनं 1972 मध्ये एडी मेर्क्सला मेक्सिकोतल्या तासाच्या विक्रमासाठी सायकल करून दिली, 49.431 किलोमीटरवाली. त्या कंपनीची बहुतांश मालकी 2020 मध्ये अबूधाबीकडं गेली. आणि तरी आता तरुण पोरं परत पोलाद मागतात, उस्तादांसमोर अनवाणी उभी राहतात. माझं मत विचाराल तर, वेग हे त्यातलं निमित्त आहे. आपल्या पोटरीची लांबी कुणीतरी वहीत लिहून घ्यावी, यातलं सुख मोठं आहे.

किंमत निघाली तेव्हा मी मनात गुणाकार केला आणि खाली बसलो. तरी सौभाग्यवतींनी धीर सोडला नाही. "चाकं कसली असतील?"

"चाकं यात नाहीत, ताई. ही फक्त फ्रेम."

"हँडल?"

"नाही."

"सीट? पायडल? घंटी?"

"शर्यतीच्या सायकलला घंटी नसते गं."

"म्हणजे एवढ्या पैशांत नुसता सांगाडा? आणि मिळणार कधी?"

मेहुण्यानं विचारलं. उस्तादानं छताकडं, टांगलेल्या फ्रेमींकडं, मग त्याच्याही वर बोट केलं.

रंगावर मात्र मेहुण्याचं घोडं अडलं. पुतणीनं रंगांचे नमुने मांडले, तो घामाघूम झाला. अखेर बहिणीनं सूत्रं हाती घेतली. हा उन्हात विटेल, हा तुझ्या रंगाला खुलत नाही, हा गडद लाल बरा. आणि त्या टोप्यांना कडेनं सोनेरी काठ हवा, बारीक, डोळ्यांत भरणारा नको. उस्तादानं तो रंग उजेडात धरला, तिच्याकडं पाहिलं आणि तिचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. माप न देता त्या गॅरेजात मान मिळवलेली ती पहिली व्यक्ती असावी.

बक्षीस म्हणून आम्हांला कोमो सरोवर कबूल झालं. रेल्वेनं आसोपर्यंत, पुढं बस, आणि बस थेट बेलाज्जोला सरोवराकाठी जाते. मेहुण्यानं मध्येच, माग्रेल्योला उतरवलं. "पाचच मिनिटं." तिथं डोंगरमाथ्यावर मादोन्ना देल गिसाल्लोचं छोटं देऊळ आहे. पोप बारावे पायस यांनी 1949 मध्ये या देवीला सायकलवाल्यांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतीवर कोप्पीची सायकल, बार्तालीची सायकल, मोझेरची सायकल. आम्ही दसऱ्याला पुसून हार घालतो तो एक दिवस. इथं बारा महिने दसरा. एक सायकल मोडकी, वाकलेली आहे. ती फाबियो कासार्तेल्लीची, याच भागातला पोरगा, 1995 च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजच्या उतारावर गेला. सौभाग्यवतींनी तिथं चप्पल काढून नमस्कार केला आणि मेहुण्याला म्हणाल्या, "हेल्मेटचं माप घेतलं का रे त्यांनी?"

बाहेर कठड्यावर चढून आलेले म्हातारे धापा टाकत होते. बेलाज्जोकडून हा चढ साडेदहा किलोमीटरांचा, काही ठिकाणी 14 टक्क्यांचा. त्यांनी सायकलीविना आलेल्या मेहुण्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. सायकल कुठं आहे?

"बनतेय," तो छाती काढून म्हणाला.

कोण बनवतंय? मेहुण्यानं शपथ मोडून नाव सांगितलं. एक म्हातारा उठला, त्यानं स्वतःच्या बोटांचा मुका घेतला. दुसऱ्यानं कपाळाला हात लावला. तिसरा म्हणाला, डाख चांगला पण पुढचा चिमटा जरा आखूड पडतो. चौथ्यानं तिसऱ्याचं खानदान काढलं असावं. बघता बघता दोन तट पडले, पोटऱ्या उघड्या करून पुरावे दाखवले जाऊ लागले, मेहुणा मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना वहीतले आकडे ऐकवू लागला. त्या गदारोळात बेलाज्जोची बस आली, थांबली आणि गेली.

"पुढची कधी?" मी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यापैकी बसनं कुणी कधी गेलंच नव्हतं.

"उतारच आहे ना?" सौभाग्यवती पदर खोचत म्हणाल्या. "चला. आणि त्याला राहू दे इथंच, भूक लागली की येईल."