लिहून देणार, लिहून घेणार

नवसराव देवाशी मराठीत बोलत नाहीत, मसुद्यात बोलतात. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटताहेत. शेजारी उभ्या असलेल्याला वाटतं, अथर्वशीर्ष चाललंय. जरा कान दिला की ऐकू येतं, "...सदरहू काम दिनांक एकतीस मार्चच्या आत, विनातक्रार पार पडल्यास, लिहून देणार हे स्वखर्चाने..."

नाव अर्थातच कॉलनीने ठेवलेलं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण उपनामाला कायदेशीर हरकत नाही, 'ऊर्फ' लावलं की झालं. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाच्या आसपास झेरॉक्स, टायपिंग, नोटरी यांची जी वस्ती उगवली आहे, तिथल्या एका दुकानात अर्धं टेबल त्यांचं. भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, नावातला बदल, दोन भावांमधलं 'आता आमची कसलीही तक्रार राहिलेली नाही' असं पत्र. अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही अशा समजुतीने कोणी आलं, तर त्याला १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५, बसवून ऐकवतात आणि चहाही पाजतात. माणूस शब्द देतो आणि फिरवतो, यावर त्यांची चूल पेटते. साहजिकच कोणाच्याही तोंडी शब्दावर त्यांचा विश्वास नाही. स्वतःच्या तर नाहीच.

त्यामुळे नवस. चारचौघं नवस कसा बोलतात? देवा, पोराला पास कर, पाच नारळ फोडीन. नवसरावांना या एका वाक्यात भगदाडंच भगदाडं दिसतात. पास म्हणजे किती टक्के? एटीकेटी धरायची की नाही? नारळ एकरकमी की हप्त्याने? फोडायचे कोणी? वाटीतलं खोबरं कोणाच्या मालकीचं? "उद्या देवाने विचारलं तर काय सांगणार?" असं ते इतक्या काळजीने विचारतात की देव हा सहनिबंधक कार्यालयातला खडूस कारकून असावा, असं आपल्यालाही वाटू लागतं.

लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे. पानाच्या डोक्यावर देवाचं नाव, खाली काम, मोबदला, मुदत, शेरा. फेडलेल्या नवसावर 'पूर्तता झाली' असा जांभळा शिक्का. मुद्रांक मात्र नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात शंभराचा स्टॅम्प जाऊन किमान पाचशेचा आला तेव्हा दुकानात हाहाकार झाला, नवसराव म्हणाले, "वरच्यांनी अजून दर वाढवलेले नाहीत."

वरच्यांची कार्यक्षेत्रं त्यांनी ठरवून दिलेली आहेत. परीक्षा आणि नोकरी प्रभादेवीला, सिद्धिविनायकाकडे. जमीनजुमला आंगणेवाडीच्या भराडीदेवीकडे, कारण मूळ गाव मालवण तालुक्यातलं. हाडं आणि सांधे वांद्र्याच्या माउंट मेरीकडे. गुडघा धरला त्या वर्षी सप्टेंबरच्या जत्रेत जाऊन त्यांनी मेणाचा पाय वाहिला. तिथे मेणाची घरं मिळतात, बाळं मिळतात, हात-पाय मिळतात. विकणारी बाई पटकन कागदात गुंडाळून देते. नवसरावांनी रांग अडवून धरली. पाय डावा आहे की उजवा, ते त्यांना दुकानदाराच्या तोंडून हवं होतं. बाई म्हणाली, "अंकल, मदरला समजतं." नवसराव म्हणाले, "मदरला समजतं हो, पण वर्णन जुळायला नको?"

कराराचा आदर्श म्हणून ते लालबागचं उदाहरण देतात. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद पडला, कोळी आणि विक्रेते उघड्यावर आले, त्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली, १९३४ मध्ये गणपती बसला. "बघा," ते म्हणतात, "जागेचा व्यवहार, मोबदला ठरलेला, पूर्तता वेळेत. नाहीतर आपले बिल्डर." पुढे त्याच गणपतीसमोर नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी झाली, याचं लोकांना नवल वाटतं. नवसरावांच्या मते ते योग्यच आहे. ज्यांचं काम आहे त्यांची रांग वेगळी आणि जे नुसते बघायला आलेत त्यांची वेगळी, ही शिस्त कोर्टानेही उचलावी.

सिद्धिविनायकाच्या पानावर मात्र एक वाद बरीच वर्षं रेंगाळला होता. मुलगी पदवीधर झाली तर एका अंगारकीला दिंडोशीहून पायी येईन, असं नवसराव बोलून बसले होते. सोमवारी रात्री हायवेच्या कडेने अनवाणी निघालेल्या पोरांचे घोळके आपण बघतो. वीसेक किलोमीटर ही त्यांच्या वयाला गंमत असते. नवसरावांच्या गुडघ्याला ती शिक्षा होती. मुलगी पदवीधर झाली, नोकरीला लागली, तरी अंगारक्या येत-जात राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत धावू लागली आणि नवसरावांना त्यात देवाचा हात दिसला. रात्रभर वही घेऊन बसले. मूळ मजकुरात 'दिंडोशीहून पायी येईन' असं होतं. दिंडोशी स्थानकाच्या फलाटापर्यंतचा जिना पायीच चढायचा, गुंदवलीचा पायीच उतरायचा, तिथून पुढे चालत जायचं. मधे गाडी चालली तर तो गाडीचा प्रश्न. "पण मेट्रोत तुम्ही बसलात ना?" मी विचारलं. "उभा होतो," नवसराव म्हणाले.

घराचं पान सर्वांत जुनं, आणि ते त्यांच्या अक्षरातलं नाही. ते राहतात ती जागा नागरी निवारा परिषदेची. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल जमीन धारणा कायद्याचं बोट धरून सरकारशी वर्षानुवर्षं भांडून ही वसाहत उभी केली. वडील त्या मोर्च्यांना जात, ओव्हरटाइम करून हप्ते भरत. आईने तिकडे भराडीदेवीला ओटी बोलून ठेवलेली. चावी हातात आली त्या दिवसापासून घराचं श्रेय कोणाचं, हा दावा त्या दोन खोल्यांत वडील वारेपर्यंत चालू होता. वडील म्हणत, "देवी काय मंत्रालयावर गेली होती?" आई म्हणे, "आणि मोर्चाच्या दिवशी पाऊस कोणी थांबवला?" निकाल लागला नाही. ओटी मात्र भरली गेली, आणि वडीलच त्यासाठी तिकीट काढून आले, असं नवसराव सांगतात.

नवस करणं सोपं. नवसरावांची खरी प्रतिभा दिसते ती मुदतवाढ मागताना. त्या बाबतीत त्यांचा आधार भक्कम आहे: राजा हरिश्चंद्र. आपण सत्यवचनी म्हणून ज्याचं नाव घेतो तो ऐतरेय ब्राह्मणात काय करतो, हे त्यांच्याकडून ऐकावं. हरिश्चंद्राला मुलगा नव्हता. वरुणाला नवस बोलला, मुलगा दे, त्यालाच तुला बळी देईन. रोहित जन्मला, वरुण दारात हजर. हरिश्चंद्र म्हणाला, दहा दिवसांचा तरी होऊ दे. मग म्हणाला, दात येऊ देत. मग, दुधाचे पडू देत. मग, पक्के येऊ देत. मग, चिलखत घालण्याजोगा होऊ दे. "पाच तारखा!" नवसराव टेबलावर थाप मारतात. "आणि समोरचा पक्षकार साक्षात वरुण. प्रत्येक वेळी 'ठीक आहे' म्हणून परत गेला." शेवटी रोहित धनुष्य उचलून रानात पळाला आणि हरिश्चंद्राला जलोदर झाला, याची आठवण करून दिली की ते म्हणतात, "ते व्याज."

करोनात तर त्यांना हरिश्चंद्राचीही गरज उरली नाही. २०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली ती नोव्हेंबरात उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, मग थेट ७ ऑक्टोबर २०२१. लालबागला २०२० मध्ये मूर्तीच बसली नाही, रक्तदान झालं. नवसरावांनी सगळ्या चालू पानांवर लिहिलं, 'दैवी आपत्तीमुळे मुदत गोठवली.' मग पेन थबकलं. दैवी आपत्ती म्हणजे तर समोरच्याच पक्षाने आणलेली! मग त्या काळातलं व्याज कोणी सोसायचं? दोन दिवस ते या प्रश्नात होते. अखेर 'दैवी' खोडून 'शासकीय' केलं.

एकदा दुकानात एका वकिलाने त्यांची चांगलीच पंचाईत केली. वकील म्हणाला, देव ही कायद्याने व्यक्ती आहे, हे खरं. १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने घरच्या मूर्तीलाही स्वतःची इच्छा असते असं धरलं आणि ती मांडायला वेगळा माणूस नेमा म्हणून सांगितलं. पण कायदा देवाला सहसा अज्ञानासारखं वागवतो, म्हणजे वय वर्षं अठराच्या आतला. आणि १९०३ च्या मोहोरी बीबीच्या खटल्यापासून ठरलेलं आहे की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल. "तेव्हा नवसराव, तुमची वही रद्दी."

झेरॉक्स मशीनसुद्धा थांबलं. नवसरावांनी चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाले, "अज्ञानाने काही देण्याचं कबूल केलं तर रद्द. मी देवाकडून काही लिहून घेतलंय का? वहीत सही फक्त माझी. देणारा मी. अज्ञानाच्या लाभाची गोष्ट आहे, चालते." वकील हसत म्हणाला, मग देवाने काम केलंच नाही तर? या प्रश्नावर नवसराव नेहमी सांगतात तेच त्यांनी सांगितलं: मग देणं लागत नाही. अट पूर्ण नाही, करार नाही, शेऱ्यात 'निकाली' लिहायचं आणि पान उलटायचं.

तुकोबांचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढू नये. तुकोबांना नवसाचं वावडं, हे ते समजून घेतात, संतांचं वेगळं असतं. पण सावकारीची खतं आपल्या वाट्याची म्हणून त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं जे सांगतात, ते नवसरावांच्याने ऐकवत नाही. "अहो, दस्तऐवज!" एवढंच म्हणतात.

'निकाली'चा नियम त्यांनी एकदा मोडला, तो मला वहीतच दिसला. आई आजारी होती तेव्हाचं पान. काम: आई घरी येणे. मोबदला: ओटी, समक्ष आंगणेवाडीला जाऊन. आई रुग्णालयातून घरी आली नाही. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते, तिथे देवीचा कौल घेऊन ठरते आणि मग मुंबईभर फोन फिरतात; तसा फोन आला. नवसराव रजा टाकून गेले, जादा गाडीत उभ्याने, त्या लोटालोटीत तासन् तास रांगेत राहून ओटी भरून आले. पानावर जांभळा शिक्का: 'पूर्तता झाली.'

मी म्हटलं, "नवसराव, अट पूर्ण झाली नव्हती. तुमच्याच नियमाने काही देणं लागत नव्हतं."

"नव्हतंच," ते म्हणाले. मग वही ओढून घेतली आणि उगाचच दुसरं पान काढलं. "ताबा मिळाला नाही म्हणून अनामत परत मागायला ती काय बिल्डर आहे?" आणि लगेच, "तुम्हाला भाडेकराराचं काम होतं ना? आधार आणलंत का?"

म्हाडाची २०२४ ची मुंबईची सोडत जाहीर झाली आणि वही पुन्हा उघडली. घरं २०३०, अर्ज लाखाच्या वर. त्यातला एक मुलीचा, अल्प उत्पन्न गटातला. नवसरावांनी मसुदा तयार केला, जेवणाच्या टेबलावर वाचला. मीही होतो, वहिनींनी थालीपिठाला थांबवलं होतं. "...सदर सोडतीत सदनिका लागल्यास लिहून देणार यांची कन्या ही दिंडोशी ते प्रभादेवी पायी..."

"थांबा," मुलगी म्हणाली. "चालणार कोण?"

"तू. घर तुझं. माझा गुडघा तुला माहीत आहे."

"मला विचारलंत?"

"नवस आईबापांनीच बोलायचा असतो."

"हरिश्चंद्रानेही रोहितला विचारलं नव्हतं, बाबा. तो रानात पळाला. मला तर लांबही जायला नको, आरे इथेच आहे."

वहिनी तव्याकडे वळून हसल्या. नवसराव बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. आपलाच दाखला आपल्यावर उलटला की वकील करतात तसं त्यांनी आधी पाणी प्यायलं. मग 'कन्या' खोडून 'लिहून देणार स्वतः' केलं, 'दिंडोशी' खोडून 'गुंदवली' केलं, आणि मुलीपुढे वही सरकवली. संमती म्हणून नको, साक्षीदार क्रमांक एक म्हणून तरी सही कर. तिने केली. वही माझ्याकडे आली.

"मी कसला साक्षीदार?" मी म्हटलं. "माझा देवावर विश्वास नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"उत्तम," नवसराव पेन पुढे करत म्हणाले. "साक्षीदार त्रयस्थच लागतो."