समुद्र बारीक होतो तेव्हा

नागावच्या पुळणीवर एकाच जागी उभं राहून उधाणाच्या भरतीचा एक फोटो काढा आणि सहा तासांनी ओहोटीचा दुसरा. पहिल्यात लाटा सुरूच्या मुळांशी आलेल्या, दुसऱ्यात पाणी इतकं लांब गेलेलं की पाय भिजवायला निघालेल्याला वाटेत शहाळं आठवावं. दोन्ही फोटो शेजारी छापून खाली ‘आमच्या चूर्णाने समुद्राने वजन घटवले’ असं लिहिलं, तर अलिबाग तालुक्यात एक माणूस फसणार नाही. इथल्या पोरासोरांनाही तिथी ठाऊक असते; अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. पण समुद्राच्या जागी माणसाचं पोट ठेवा, सहा तासांच्या जागी बारा आठवडे लिहा, खाली ‘कायापालट स्पर्धे’च्या बक्षिसाची रक्कम टाका. तीच मंडळी पाकीट काढतात. पोटाची तिथी कुणी विचारत नाही.

फोटो बहुतेकदा खरेच असतात, लबाडी असते ती दोहोंमधल्या कॅलेंडरात. थोडं गणित करू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. बारा आठवड्यांत, म्हणजे 84 दिवसांत, 20 किलो निव्वळ चरबी घालवायची तर रोज 1,800 हून जास्त कॅलरींची तूट हवी. ज्या कारकुनाला दिवसाला 2,200 लागतात, त्याच्या ताटात उरतात तांदळाच्या जेमतेम दोन भाकऱ्या, त्याही कोरड्या. सुरमईचा फक्त वास. मग काट्यावरचे किलो एवढ्या भराभर उतरतात कसे? पुष्कळसे पाण्याचे असतात. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठलेल्या दर ग्रॅम साखरेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. भात-पोळी बंद केली की पहिल्याच आठवड्यात साठा उतरतो, पाणीही जातं आणि काटा खूश. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेआधी पाणी तोडण्याची रीत याच जातकुळीतली. कोळीवाड्यात वलांडीवर टांगलेला ओला बोंबील हेच तप करतो. काही उन्हांत निम्म्याहून अधिक वजन घालवतो, वर हाडंही दिसू लागतात. पण त्याला मंचावर बोलावून कुणी दिनचर्या विचारत नाही.

बाकीचं काम उजेड, तेल आणि कोंडलेला श्वास करतात. रविवारी बनाना बोटीच्या रांगेत बघा: मित्राने मोबाइल उचलला की पोट आत, फोटो झाला की पोट पुन्हा माहेरी. बारा आठवडे, दीड सेकंदात. शिवाय सुरुवातच मुद्दाम पिकवता येते. ‘दंगल’साठी आमिर खानने आधी वजन वाढवून उतारवयातले प्रसंग केले आणि मग ते उतरवून तरुणपणीचे. त्याने हे लपवलं नाही, उलट 2016 साली त्याचा व्हिडिओच निघाला. पण हा गडी 2008 च्या ‘गजनी’तच पिळदार झालेला होता, आणि एकदा कमावलेला स्नायू परत येतो तो नव्याने कमावण्यापेक्षा पुष्कळ लवकर. ‘आधी’च्या फोटोत ‘त्याच्याही आधी’ दिसत नाही, एवढीच मेख.

धंदा जुना आहे. 14 सप्टेंबर 1901 रोजी शरीरसौष्ठवपटू यूजीन सँडोने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. उमेदवार त्याच्याच पद्धतीचे शिष्य, आणि त्या पद्धतीची पुस्तकं, उपकरणं विकणाराही तोच. परीक्षकांत आर्थर कॉनन डॉयल होते. आजच्या स्पर्धांना डॉयल पुरणार नाहीत, थेट त्यांचा गुप्तहेर होम्सच लागेल. फोटोतल्या खिडकीच्या उन्हावरून तो तारीख सांगेल. आपल्याकडे औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही आधी सँडोची उपकरणं आणून व्यायाम केला, पण पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कारांत अडचण एकच: विकायला काही नसतं, आणि बाराव्या आठवड्यानंतर तेरावा येतो.

कुणी म्हणेल, अहो, लोक खरंच बारीक होतात! होतात की. पण कृषी प्रदर्शनात पहिला आलेला दुधी पाहून परसातल्या वेलाला बोल लावू नये. प्रदर्शनात न पोचलेले दुधी किती, ते विचारावं. आणि बारीक झालेल्यांचं पुढे काय होतं? अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूझर’ या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या 14 जणांना संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी तपासलं. निष्कर्ष 2016 साली आले. सरासरी 58 किलो घटवलेल्या या मंडळींच्या अंगावर त्यातले 41 परत आले होते, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. भरतीचा हा तिसरा फोटो जाहिरातीत कधी नसतो.

‘खोटं का असेना, प्रेरणा तर मिळते!’ हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्याची किंमत भलताच माणूस मोजतो. नागावहून आक्षीपर्यंत रोज वाळूतून चालणारा, रात्रीचा दुसऱ्यांदा वाढलेला भात सोडणारा माणूस तीन महिन्यांत चार किलोंनी उतरतो. साखर आटोक्यात येते, गुडघा कुरकुरत नाही, जिन्यावर धाप लागत नाही. मग तो अशा ‘आधी-नंतर’च्या पोस्टरसमोर उभा राहतो आणि आपलं काहीच झालं नाही म्हणून सोडून देतो. त्याचेही दोन फोटो काढायला हरकत नव्हती. दोन्हींत तोच माणूस दिसला असता, फक्त दुसऱ्यात शर्ट जरा सैल.