वरुणाची बाकी

माझा वाढदिवस १ जुलै. आई म्हणायची की मी पोळ्याच्या आगेमागे झालो. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं. यंदा त्या सरकारी तारखेनं साठ पूर्ण होणार, म्हणून घरात उग्ररथ शांतीची बोलणी निघाली. भटजींनी मागचा हिशेब काढला. पन्नाशीची वैष्णवी शांत झालेली, पंचावन्नची वारुणी मात्र राहून गेलेली. तेव्हा माझी बदली चालू होती. म्हणजे वरुणाची बाकी. म्हटलं, ती माझी मी फेडतो. शिडाची होडी हाकून.

आता वर्ध्याहून मुंबईचा समुद्र रेल्वेनं साडेसातशे किलोमीटर. आमच्या धाम नदीचं पाणीही समुद्राला मिळतं म्हणा, पण वर्धा, प्राणहिता, गोदावरी असे नातलगांकडे मुक्काम करत, पार आंध्रात. तरी कमांडर दिलीप दोंदे २००९च्या ऑगस्टात मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये शिडाच्या बळावर पृथ्वीला वळसा घालून परतले, तेव्हापासून हे खूळ माझ्या डोक्यात होतं. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ छप्पन फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली. माझ्या वाट्याला आला तलावावरच्या ढीवरभाऊंचा डोंगा. बारा फुटी, उन्हाळाभर बाभळीखाली पालथा पडलेला.

“या वयात?” बायकोनं विचारलं.

मी इतिहासाचा मास्तर. म्हटलं, १९३०मध्ये गांधीजी साठीचेच होते. साबरमतीहून दांडीपर्यंत चालत गेले. स्वराज्याशिवाय आश्रमात परतणार नाही म्हणाले, आणि १९३६मध्ये आपल्या शेगावला येऊन राहिले, तेच सेवाग्राम. साठीत समुद्र गाठलेला माणूस आपल्याच जिल्ह्यात आला.

“ते चालत गेले,” ती म्हणाली, “आणि काठावर थांबले.”

डोंगा मृगाच्या आत तयार करायचा होता. भाऊंनी तो उलटा ठेवूनच बोटानं एकेक सांध चाचपली. उन्हानं फळ्या आकसून फटी इतक्या रुंदावल्या होत्या की एकीत माझं बसचं तिकीट गेलं ते परत आलं नाही. “हे असंच पाण्यात टाकलं त चायनी होते, गुरुजी. कापूस लागन. घरी जुनी गादी असन त आना.”

हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकेकाळी विलायतेच्या बाजारात होतं. वर्धेच्या माणसाला कापसाला नाही म्हणता येत नाही. गादी होती. लग्नात सासऱ्यांनी दिलेली, तेहतीस वर्षांची, मधोमध दोन खळगे पडलेली. मुलं तिच्यावर वाढली, माझा टायफॉइड तिनंच काढला. उसवली तर आतला कापूस पिवळट, गोळे झालेला. भाऊ एकेक गोळा पिंजत, मांडीवर वळून त्याची वात करत, छिन्नीच्या बोथट टोकानं फटीत ठोकत. ठक ठक, मग जरा थांबून कान लावल्यासारखं बघत. माझी वात जाड व्हायची. “देवाची नाही वळून राह्यले, गुरुजी.” वर गरम डांबर.

शीड मी खादी भांडारातून आणलेल्या दोसुतीचं केलं, डोलकाठी बांबूची. भाऊ त्याकडे लग्नात आलेल्या अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते.

१ जुलैला, सकाळी शांत उरकून, आम्ही डोंगा लोटला. बायको काठावर छत्री घेऊन उभी. पश्चिमेचा वारा आला, दोसुती फुगली, आणि मी खरोखर वल्ह्याशिवाय पुढे गेलो. वीसेक हात. मग वाऱ्यानं विचार बदलला, बांबू कलला आणि शीड भिजून माझ्या अंगावर पडलं. भाऊंनी न बोलता वल्हं उचललं.

काठाला लागल्यावर मी तळाशी वाकून हात फिरवला. पाण्यानं कापूस फुगून सांधी घट्ट बसल्या होत्या. तळ कोरडा.

“गादीनं धरलं, जी,” भाऊ म्हणाले.

बायको शीड पिळत होती. “आता तीच तिथं,” ती म्हणाली, “तर आज झोपायचं कशावर?”