मगरीचं माप

गळातून निसटलेला मासा अण्णांच्या तोंडी रोज अर्ध्या किलोनं वाढतो आणि पलीकडच्या काठावर दिसलेली मगर रोज फूटभर आटते. सोमवारी सुटलेला दोन किलोचा कटला शनिवारपर्यंत साडेचार किलोंचा होतो. त्याच सोमवारची नऊ फुटी मगर शनिवारी "घोरपडीएवढं काहीतरी" होऊन बसते. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात कृष्णेला गळ टाकून बसणारे पुष्कळ. मासा वाढवून सांगणं हा त्या सगळ्यांचा जन्मसिद्ध हक्क. पण मगर कमी करून सांगणारे अण्णा एकटेच.

अण्णा एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरीभर पैशापैशाचा हिशेब दिला, चिल्लर कमी पडली तर खिशातून भरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आकड्यांनाही मोकळं सोडलं. आता त्यांच्या तोंडी खरा राहिलेला आकडा एकच, 2019 च्या महापुराचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे ते इंचभरही इकडे-तिकडे न करता सांगतात. तिथली पातळी सगळ्या सांगलीनं डोळ्यांत तेल घालून पाहिली होती, त्यामुळे फेरफाराला वाव नाही.

मगर आटण्यामागं दोन कारणं आहेत. पहिलं कारण बोर्डाचं. मोठी मगर दिसल्याची खबर गेली की वनखातं येतं आणि "मगरींचा वावर आहे, पाण्यात उतरू नये" असा बोर्ड ठोकून जातं. अण्णांच्या मते बोर्ड लागलेली जागा म्हणजे जप्त झालेली जागा. दुसरं कारण ते कुणाला सांगत नाहीत. मगर तळ देते तिथं मासा असतो. अण्णांना मासा मगरीनं दाखवलेला आहे आणि आपल्या खबऱ्याचं नाव कुणी फोडत नसतो.

या व्यवहारात मध्येच आल्या गार्ड मॅडम. वनरक्षक, मूळच्या चंद्रपूरकडच्या, वाघाच्या मुलखातून मगरीच्या मुलखात आलेल्या. पहिल्याच दिवशी मोटारसायकल बांधावर लावून त्या खाली उतरल्या. अण्णांनी गळ आवरला नाही, आवाज मात्र आवरला.

"अण्णा, इथं मगर दिसते का?"

"दिसती की. हाय एक. पर बारकी. चार फूट आसंल नसंल."

मॅडमनी वहीत चार फूट लिहिले. मग पलीकडच्या काठावर जाऊन चिखलात उमटलेल्या पोटाच्या आणि शेपटीच्या खुणेला टेप लावला. आठ फूट भरले. परत येऊन त्यांनी सहज विचारलं, "आज काय लागलं?" अण्णा म्हणाले, "तीन किलोचा रोहू." पिशवीत पाहिलं तर किलोभराचा. मॅडम काही बोलल्या नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक सूत्र लिहून ठेवलं: अण्णांची मगर गुणिले दोन, अण्णांचा मासा भागिले तीन. त्यानंतर त्यांच्या बीटवरच्या नोंदी चुकेनाशा झाल्या.

अण्णा मात्र रोज नव्या मुद्द्यावर वाद काढत. माणूस एकटा बसून किती वेळ तंगूस बघणार? मॅडमची मोटारसायकल दिसली नाही की ते अस्वस्थ होत, आणि दिसली की वैतागल्यासारखं करत.

"मॅडम, मला एवढंच सांगा. पाणी पाटबंधाऱ्याचं, वाळू तहसीलदाराची, मासा मत्स्यव्यवसायाचा, मगर तुमची. मग मगरीनं मासा गिळला तर पंचनामा कुणी करायचा?"

"दोन्ही खात्यांनी मिळून. पण मगरीनं तुम्हाला गिळलं तर मला एकटीला करावा लागेल. म्हणून मागं सरका."

अण्णा दोन पावलं मागं सरकत. मॅडमची पाठ वळली की तीन पावलं पुढं येत.

खरं भांडण आतड्यांवरून व्हायचं. कणकेच्या गोळीला चिलापी येते, पण मरळ आणि वाम यांना वास लागतो. म्हणून अण्णा कोंबडीच्या दुकानातून आतडी आणत आणि उरलेली नदीत भिरकावत. "अण्णा, याच वासानं मगर काठाला येते. उद्या कोणी धुणं धुवायला बसलं तर?" असं मॅडम समजावत. "मगर काय पाहुणी हाय व्हय, वास काढत यायला?" असं अण्णा विचारत. पण एका सकाळी त्यांनी टाकलेली आतडी पाण्याला लागायच्या आत गायब झाली. तेव्हापासून ते गांडुळांवर आले. कारण विचारलं तर कोंबडीचे भाव वाढलेत, असं सांगतात.

एकदा काठी जड झाली. आता गावभर पुरेल असा मासा, म्हणून अण्णांनी रीळ गुंडाळत आणलं, तर गळाला कासव. नेमक्या त्याच वेळी बांधावर खाकी रंग दिसला.

"काय लागलंय अण्णा?"

"काय न्हाई. दगड हाय."

"दगड चालतोय, अण्णा."

मॅडमनी पक्कड काढली, गळ सोडवला, कासवाला पाण्यात वाट दिली. मग 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा काढला. मगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिला इजा केली तर तीन ते सात वर्षं. कासवालाही याच कायद्याचं छत्र. चुकून लागलं तर सोडायचं आणि कळवायचं, लपवायचं नाही.

"तीन ते सात वर्षं?" अण्णांनी मान हलवली. "तेवढ्यात माणूस एसटीत कायम होतो."

मॅडमना अण्णांचा एक शब्द मात्र गुणाकार-भागाकार न करता चालतो. उन्हाळ्यात पाणी कमी होतं, कुठूनतरी घाण पाणी सुटतं आणि मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागतात. मेलेल्या माशाचं वजन अण्णा वाढवत नाहीत. किती लांबपर्यंत, कोणत्या जातीचे, पहाटेपासून की रात्रीपासून, सगळं सरळ सांगतात, जुन्या नोकरीत हिशेब देत तसं. अशा दिवशी मॅडम वही उघडतात आणि अण्णा सांगतील ते जसंच्या तसं लिहून घेतात.

शेवटी बोर्ड आलाच. मार्चमध्ये मादीनं काठाच्या वर खड्डा करून अंडी घातली. पावसाच्या तोंडाला पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तिथून फार लांब जात नाही, आणि त्या दिवसांत तिच्याशी कुणी वाद घालायचा नसतो, अण्णांनीसुद्धा. मॅडमनी अण्णांना दोनशे पावलं खाली हलवलं आणि बोर्ड त्यांच्या नव्या जागेच्या डोक्यावर ठोकला. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की काठावर आपण एकटेच आहोत. बोर्ड वाचून बाकीचे गळवाले पार ब्रह्मनाळच्या संगमाकडे गेले होते. वाकडी काठी लावून शेजारी बसणारा नाही, 'लागलं का?' म्हणून दर पाच मिनिटांनी विचारणारा नाही. सबंध डोह अण्णांचा.

त्या संध्याकाळी पारावर अण्णांची मगर पहिल्यांदा वाढली. आधी दहा फूट झाली. पुढच्या बाजाराला चौदा झाली आणि तिच्या जबड्यात अण्णांनी आख्खी शेळी पाहिली. "आमच्या बोर्डाकडं फिरकू नका रं बाबांनो," असं ते पोरांना कळकळीनं सांगू लागले. 'आमच्या' हा शब्द मॅडमच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी बोर्डाखाली येऊन विचारलं, "अण्णा, मगर केवढी?"

"सोळा फूट. कमीच सांगतोय."

"आणि आज मासा?"

अण्णांनी फुगलेली पिशवी मांडीआड सरकवली. "कुठला मासा मॅडम. दोन बारक्या चिलाप्या. मांजरालाबी पुरायच्या न्हाईत. कुणाला सांगू नका."

मॅडमनी वहीचं शेवटचं पान काढलं आणि सूत्र उलटं करून घेतलं: मगर भागिले दोन, मासा गुणिले तीन. नोंदी पुन्हा बरोबर यायला लागल्या.