जरा सिंहाच्या तोंडात बोला

प्रस्तुत लेखकांचे कान ठणठणीत होते; बिघडली होती ती बाकीच्यांची बोलण्याची पद्धत. हल्लीची पोरं ओठांतल्या ओठांत पुटपुटतात, मालिकांतल्या नट्यांना शब्द धड उच्चारता येत नाहीत, मोबाईल कंपन्या आवाजातही काटकसर करतात आणि घरातली बायको मुद्दाम नळ सोडून बोलते, असा त्यांचा अभ्यासपूर्ण निष्कर्ष होता. इतिहासाच्या प्राध्यापकानं पुराव्याशिवाय बोलू नये, म्हणून पुरावाही तयार होता. पावसाळ्यात गोदावरी भरून आली आणि नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उचलले की पाण्याची घरघर त्यांना स्वच्छ ऐकू यायची. "अख्खं धरण ऐकू येतंय मला, आणि म्हणे कान दाखवा!" असं ते सौभाग्यवतींना ठणकावून सांगत. त्यावर सौभाग्यवती काहीतरी म्हणत. काय, ते कळत नसे.

हा पुरावा फिर्यादीच्याच बाजूचा निघाला. वय होतं तसा कान वरच्या पट्टीकडून झिजत येतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसांसारख्या पेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. म्हणून धरण, ट्रक, वरातीतल्या डीजेचा धडधडाट हे सगळं शाबूत राहतं आणि स, श, फ, थ, ख ही हलकी मंडळी गुपचूप निघून जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज मुळातच वरच्या पट्टीतले. म्हणजे "बायकोचंच बरं ऐकू येत नाही!" या सनातन आरोपाला शास्त्राचा आधार आहे. तो घरात सांगून पाहू नये.

शिवाय मराठवाड्यात हे दुखणं लक्षात यायला फार वेळ लागतो. "सात"मधला स गळाला की उरलेल्याचं "आठ" व्हायला कितीसा उशीर? एका साखरपुड्याला प्रस्तुत लेखक सातऐवजी आठला पोचले. मंडपात सतरंज्या अंथरणं चालू होतं. "सर म्हणजे वेळेचे पक्के," म्हणून यजमानांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. टीव्हीचंही तसंच. आवाज एवढा मोठा असता तर शेजारच्या काकूंनी तक्रार केली नसती का? त्यांनी कधी ब्र काढला नाही. याचा अर्थ आवाज बेताचाच होता.

बाकी सगळं अभिनयावर निभत होतं. समोरचा हसला की हसायचं, थांबला की "बरोबर आहे" म्हणायचं, भुवया वर गेल्या की "काय सांगता!" टाकायचं. ही विद्या गल्लीपासून सिनेटपर्यंत चालते. एका ओळखीच्या गृहस्थांनी हात जोडून वडिलांच्या तेराव्याचं आमंत्रण दिलं, तेव्हा "अरे वा, नक्की येतो, सहकुटुंब येतो!" हे उत्तर गेलं, तेवढा एक अपवाद.

आता थोडं विषयांतर. वर्गातसुद्धा प्रस्तुत लेखकांचं त्याशिवाय चालत नसे.

पोर्तुगालचा सहावा जुआंव हा राजा गोमंतकीयांना परका नाही. तो त्यांचाही राजा होता. नेपोलियनच्या फौजा लिस्बनवर चालून आल्या तेव्हा, 1807 साली, हा गृहस्थ अख्खा दरबार जहाजांवर चढवून ब्राझीलला गेला आणि पुढं वर्षानुवर्षं रिओ दी जानेरोत बसून गोव्यासकट साम्राज्य हाकत राहिला. त्याला ऐकू कमी येई. पण राजानं कानामागं हाताचा पंजा धरून "आँ?" म्हणायचं म्हणजे शोभा गेली. म्हणून लंडनच्या रीन नावाच्या कारागिरांनी 1819 च्या सुमारास त्याच्यासाठी एक सिंहासन घडवलं. त्याचे हात आतून पोकळ होते आणि पुढं जबडा वासलेले कोरीव सिंह होते. सिंहाच्या तोंडात गेलेला आवाज आतून मागं जायचा आणि तिथून एका नळीवाटे महाराजांच्या कानात. अर्जदारानं गुडघे टेकायचे, सिंहाच्या जबड्याशी तोंड न्यायचं आणि काय ते गाऱ्हाणं बोलायचं. ऐकू राजाला येत नाही, वाकायचं मात्र दुसऱ्यानं!

श्रवणयंत्रांच्या इतिहासात प्रस्तुत लेखकांना मनापासून पटलेलं एवढं एकच यंत्र. हे आसन विष्णुपुरीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर तिरकं बसू शकेल, याचा हिशेबही त्यांनी केला. दूधवाला गुडघ्यावर. सोसायटीचा सेक्रेटरी गुडघ्यावर, तोही मेन्टेनन्स मागताना. विमा एजंटाचं डोकं सिंहाच्या तोंडात गेल्यावर बाहेर यायची घाई नव्हती. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना या आसनाची सवयच असते, त्यांना वेगळं शिकवायला नको. जावईबापूंसाठी उजवा सिंह राखीव. अडचण सौभाग्यवतींची होती. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांच्यापुरता सिंह थोडा उंच करून घ्यावा लागला असता. हा बेत त्यांनी जेवताना मांडला. सौभाग्यवतींनी वरण वाढता वाढता एक वाक्य उच्चारलं. ते ऐकू आलं नाही, यात काही वाईट झालं नसावं.

वास्तविक नवं आसन घ्यायची गरज नव्हती. घरात सिंह होताच. बँकेत कारकून बोलला की प्रस्तुत लेखक सौभाग्यवतींकडे वळत आणि त्या तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणत. फोन आला की तो त्यांच्याच हातात. स्वयंपाकघरातून हाकेला ओ मिळाली नाही की त्या दुखऱ्या गुडघ्यांनी उठत, पदराला हात पुसत दारात येत, सरांच्या नजरेच्या टप्प्यात उभ्या राहत आणि मग बोलत. घरातलं प्रत्येक वाक्य असं दोनदा घडत होतं. आणि एके दिवशी त्यांनी उठून येणं कमी केलं. "काय म्हणालीस?" या प्रश्नाला उत्तर यायला लागलं, "जाऊ द्या, काही नाही."

या "काही नाही"मध्ये काय काय जात असेल? बहिणीचा फोन आला होता. कढीपत्त्याला नवी पालवी फुटली. एखादी चेष्टा, जी दुसऱ्यांदा सांगितली की मरते. महत्त्वाचं माणूस ओरडून सांगतं. "गॅस संपला" ऐकू येतंच. बिनमहत्त्वाचं ओरडून सांगता येत नाही आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोघांत बहुतेक तेच उरलेलं असतं. ऐकू न येणाऱ्याला चारचौघांत सर्वांत जास्त लागतं ते हेच "जाऊ द्या". चष्मेवाल्याला कुणी "जाऊ द्या, नका वाचू" म्हणत नाही. चष्मा लावला की माणूस विद्वान ठरतो आणि कानाला मशीन लावली की फार्समधला काका. विनोदी लेखकांनीच हे करून ठेवलंय.

तर शेवटी तपासणी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय विष्णुपुरीतच असल्यामुळं लांब पडतं ही सबब चालण्यासारखी नव्हती. डॉक्टर आधी कानात मळ आहे का ते बघतात. भरपूर मळ निघू दे, असं साकडं प्रस्तुत लेखकांनी काळेश्वराला घातलं होतं. कान अगदी स्वच्छ निघाले. मग ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज ऐकू आला की दाबायचं. खालच्या पट्टीचे 250, 500 हर्ट्झचे आवाज त्यांनी फटाफट टिपले. पुढं वरच्या पट्टीत शांतता पसरली. ऑडिओलॉजिस्ट मुलगी चांगली होती, पण काचेपलीकडून ती नुसतीच बघत होती, हे त्यांना खटकलं. आवाज केव्हाचे चालू होते.

निकालाच्या आलेखात उजव्या कानासाठी लाल गोल असतात आणि डाव्यासाठी निळ्या फुल्या. ज्यानं जन्मभर दुसऱ्यांच्या गुणांभोवती लाल गोल काढले, त्याच्या हातात लाल गोलांचीच रांग आली, तीही उतरंडीला लागलेली. "पन्नास म्हणजे पास ना?" त्यांनी विचारलं. इथं डेसिबल जितके जास्त तितका विद्यार्थी कच्चा, असं कळलं.

एवढी नामुष्की एकट्याचीच आहे, असं मात्र नाही. जगात दीडशे कोटी लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू कमी येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 च्या अहवालात म्हटलं आहे. अशा लोकांसाठीची राष्ट्रीय संस्था 1983 पासून मुंबईत, बांद्रा पश्चिमेला आहे, आणि तिला नाव आहे अली यावर जंग यांचं. निजामाच्या हैदराबादेतला हा माणूस, उस्मानिया विद्यापीठाचा कुलगुरू, पुढं महाराष्ट्राचा राज्यपाल. नांदेड त्याच निजामाच्या राज्यात होतं, तेव्हा ही तशी घरचीच संस्था. बांद्र्याच्याच पूर्वेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, हमरस्त्याच्या कडेला, जिथं हॉर्नला विश्रांती नाही. एकीकडं कान जायची सोय, दुसरीकडं परत मिळवायची. अल्प उत्पन्नाच्या 60 वर्षांवरील लोकांना राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून काठी, चष्मा, कवळी यांच्यासोबत श्रवणयंत्रही फुकट मिळतं. पहिल्या तीन वस्तू मागायला कुणी लाजत नाही.

मशीन आली. बॅटरी भाकरीच्या कणाएवढी. तिच्या पाठीवरचा स्टिकर काढला की ती हवा घेऊन जिवंत होते. पहिले दिवस कठीण गेले. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी दचकायला व्हायचं, चप्पल वाजायची, स्वतःचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमायचा. असं झालं की पुष्कळ लोक मशीन कपाटात ठेवून देतात. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे आधी सांगितलेलं असूनही. एका सत्काराला शाल खांद्यावर येताना कानाला घासली आणि मशीननं बारीक शिट्टी मारली. प्रमुख पाहुण्यांनी चमकून मागं पाहिलं. प्रस्तुत लेखकांनीही पाहिलं, जास्त रागानं.

टीव्हीचा आवाज आपोआप निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या.

"सर, टीव्ही बिघडलाय का तुमचा? काहीच ऐकू येईना. मी भाकरी थापता थापता तुमचीच मालिका ऐकत होते की रोज. ऐन रंगात आली होती."

सर काय बोलणार! सौभाग्यवती आत मेथी निवडत होत्या. जागच्या न उठता, नेहमीच्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, अर्धा तास काढून ठेवा की मशीन. त्यांची मालिका होऊ द्या."