जसे आहे, जेथे आहे

कोथरूडच्या जुन्या सोसायट्या सध्या एकामागून एक रीडेव्हलपमेंटला निघाल्या आहेत. करारावर सह्या झाल्या आणि बिल्डरकडून भाड्याचे चेक आले, की तीन-चार वर्षांसाठी जवळपासच फ्लॅट शोधायचा आणि चाळीस वर्षांचा संसार त्यात कोंबायचा. तो मावत नाही. मग प्रत्येक इमारतीत एक तरी गृहस्थ असा निघतो, जो चष्मा पुसत म्हणतो, "टाकून कशाला द्यायचं? ऑनलाइन विकू. तेवढेच चार पैसे सुटतील."

आमच्या इमारतीत हे गृहस्थ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. सगळी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्याचा सरकार त्यांना पगार देत असे. आता पेन्शन देतं, पण काम थांबलेलं नाही.

जुनी वस्तू विकणाऱ्याने थोडं खोटं बोलायचं असतं, हा या धंद्याचा पाया आहे. 'फारसा वापर नाही', 'बदलीमुळे विकणे आहे', 'नवीनच समजा'. अण्णांना हे जमत नाही. त्यांची पहिली जाहिरात मी स्वतः वाचली आहे:

"स्टँडचा पंखा. खरेदी मे २०१२, रुपये १,८५०. पावती आहे. एक नंबरवर फिरत नाही. दोनवर फिरतो, पण मान डावीकडे गेली की तिकडेच राहते. हाताने परत आणावी. तीनवर आवाज येतो. उन्हाळ्यात भरवसा ठेवू नये. जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर. किंमत रुपये ४७० फक्त."

हे ४७० कुठून आले, असं चुकून कोणी विचारलं तर अण्णा त्याला आधी बसायला खुर्ची देतात. आयकराच्या नियमांत पंखा इलेक्ट्रिकल फिटिंगमध्ये मोडतो, त्याला वर्षाला दहा टक्के घसारा. यंत्रसामग्रीला पंधरा. दर वर्षी उरलेल्या किमतीवर घसारा काढायचा, मूळ किमतीवर नाही. तेरा वर्षं असं करत गेलं की १,८५० चे ४७० उरतात, वर पंचवीस पैसे, ते अण्णांनी सोडून दिले आहेत. या पद्धतीत कुठलीही वस्तू कितीही जुनी झाली तरी तिची किंमत पूर्ण शून्य होत नाही. हे सांगताना अण्णांचा चेहरा उजळतो. घरातला अर्धा पसारा या एका नियमाच्या आधारावर टिकून आहे, असा काकूंचा आरोप आहे.

गिऱ्हाइकं येत नाहीत असं नाही. पण त्यांची भाषा अण्णांना मानवत नाही. कोणीतरी नुसतंच 'हाय' पाठवतो. अण्णा उलट लिहितात, "नमस्कार. आपलं काम कळवावे." दुसरा विचारतो, "लास्ट किती?" उत्तर जातं, "वर नमूद केल्याप्रमाणे." तिसरा धीट असतो: "३०० देतो." अण्णा विचारतात, "कोणत्या आधारावर?" त्यावर आजवर कोणी आधार दिलेला नाही. एका मुलाने पंख्याच्या बदल्यात गिटार देऊ केली होती. त्याच्याकडे गिटारच्या खरेदीची पावती मागितल्यावर तोही बोलायचा थांबला.

विक्री सुरू करण्याआधी त्यांनी आयकर कायदाही पाहून ठेवला. स्वतःच्या वापरातल्या घरगुती चीजवस्तू विकल्या तर तो भांडवली नफा धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं वगैरे सोडून. हे वाचून त्यांना हायसं वाटलं. तोवर एकही वस्तू विकली गेली नव्हती, पण करपात्र उत्पन्नाची धास्ती गेली. पावतीपुस्तक त्यांनी आणूनच ठेवलं होतं, कार्बनसकट. पाच हजारांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लागतो, म्हणून तेही आणले. ते ड्रॉवरमध्ये कोरे पडून होते. आपला व्यवहार कधी स्टँपपर्यंत पोचत नाही, ही अण्णांची एक बोच.

काकूंचं तंत्र वेगळं. त्या बोहारणीच्या काळातल्या. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती जिन्यात बसायची, आणि दोन विरलेल्या जरीच्या साड्या नि अण्णांच्या एका पँटवर काकू तिच्याकडून पातेलं काढायच्या. ती उठून उभी राहिली, पाटी डोक्यावर गेली, की शेवटी वर एक झाकणी. बोहारीण आता फिरकत नाही, पण काकूंचा हात चालू आहे. बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी एके सकाळी लिहिलं: "लेमन सेट. आहेरातला. खोकं फोडलेलं नाही. १५०. आधी येईल तिला." कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या आत सेट गेला. अण्णा अस्वस्थ झाले. "अहो, पण मूळ किंमतच माहीत नाही, तर घसारा कशावर लावलास?"

"नाही लावला," काकू म्हणाल्या, "म्हणून गेला."

अण्णांच्या कारकिर्दीतला उत्तम दिवस मात्र विक्रीचा नव्हता. एका दुपारी फोन आला. पलीकडचा हिंदीत बोलत होता. आपण सीआयएसएफमध्ये आहोत, पुणे विमानतळावर नेमणूक आहे, पंखा न बघताच घेतो, पूर्ण पैसे आत्ता पाठवतो, गाडी येऊन घेऊन जाईल. पाठोपाठ वर्दीतला फोटो, ओळखपत्र आणि एक क्यूआर कोड. हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.

हा फसवणुकीचा ठरलेला सापळा आहे, हे पेपर वाचणाऱ्या कोणालाही माहीत असतं. पैसे घ्यायला ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन लागतो. पिन टाकला की पैसे जातात. दुसऱ्या कोणीही फोन ठेवला असता. अण्णांनी वही उघडली. इतक्या वर्षांनी एक सरकारी कर्मचारी आपणहून समोर आला होता. बदलीच्या आदेशाचा जावक क्रमांक काय? कोणत्या तारखेला रुजू झालात? पुणे एक्स वर्गातलं शहर, तेव्हा घरभाडे भत्ता किती टक्क्यांनी मिळतो? क्वार्टर मिळालं असेल तर भत्ता बंद झाला का, की दोन्ही चालू आहे? पलीकडे आधी उत्तरं आली, मग शांतता, मग 'सर' असं संबोधन, आणि शेवटी त्या माणसानेच अण्णांना ब्लॉक केलं. अण्णांनी १९३० वर फोन करून नंबर कळवला, आणि वहीत शेरा लिहिला: खुलासा अप्राप्त.

राहिला रेडिओ.

अण्णांच्या वडिलांनी १९६७ साली ४२५ रुपयांना घेतलेला मर्फी. लाकडी कॅबिनेट, आत व्हॉल्व्ह, लावला की गरम होऊन आवाज यायला वेळ लागणार. त्या काळी रेडिओ ऐकायला पोस्टातून परवाना काढावा लागे. ती परवान्याची पुस्तिकाही शिक्क्यांसकट जपलेली. रद्दीवाल्याने रेडिओ हातात तोलून वजनाचा भाव सांगितला होता, त्या दिवसापासून त्याला दुसऱ्या मजल्यावर यायला बंदी आहे.

अण्णा किंमत काढायला बसले. लाकूड आहे म्हणून फर्निचरचा दहा टक्क्यांचा दर धरला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने बरीच सवलत दिली. ५८ वर्षांचा घसारा. दोनदा केलं, कॅल्क्युलेटरवर आणि हाताने. उत्तर एकच: ९४ पैसे.

त्या संध्याकाळी अण्णा चहाला बाहेर आले नाहीत. काकूंनी सुचवलं की नियम बाजूला ठेवा. त्यावर ते काही बोलले नाहीत. सकाळी जाहिरात लागली. पन्नास पैशांच्या वरची रक्कम पुढच्या रुपयात धरतात, त्यानुसार: "किंमत रुपया १ फक्त."

दुपारपर्यंत फोन बंद करून ठेवावा लागला. बहुतेकांना वाटलं, एक रुपया हे नुसतं आमिष आहे. ते खरं आहे असं अण्णांनी सांगितलं, की त्यांना फसवणुकीचा संशय येई. शेवटी एक तरुण प्रत्यक्ष आला. बाणेरला कॅफे काढत होता, जुन्या घरासारखा दिसणारा.

"काका, चालू नसला तरी चालेल. शेल्फवरच ठेवायचाय."

"चालू आहे!" अण्णांनी त्याला बसवलं आणि रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत परवान्याची पुस्तिका पानापानाने दाखवली. मुलगा भला होता. त्याने दोन हजार पुढे केले. अण्णांनी ते मागे सारले. लिहिलंय तेवढेच घेणार. तो पंधराशेवर उतरला, मग हजारावर, मग पाचशेवर. अण्णा रुपयावरून हलले नाहीत. असा उलटा सौदा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अण्णा कार्बन लावून पावती लिहू लागले. अक्षर टपोरं, घाई नाही. तेवढ्यात मुलगा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला आणि काकूंना माळ्यावरचा तांब्याचा बंब आठवला. आतून फार आवाज आला नाही. तो बाहेर आला तेव्हा काकूंच्या हातात पाच हजार होते आणि त्याच्या हातात, दोन्ही हातांनी उचललेला, बंब. वर एक पितळी डबा मोकळाच दिला, असं काकू म्हणाल्या.

अण्णांनी पेन थांबवलं. बंबाची मूळ किंमत, खरेदीचं साल, दर, काहीच नोंद नव्हती. ते आता रागावणार, असं आम्हाला वाटलं. पण ते पावतीच्या आकड्याकडे बघत होते.

"एक आणि पाच हजार," ते हळूच म्हणाले. "पाच हजार एक. मर्यादा ओलांडली."

ते उठून ड्रॉवरपाशी गेले. रेव्हेन्यू स्टँप काढला, जिभेला लावला, पावतीवर नीट कोपऱ्यात चिकटवला, आणि त्याच्यावरून लफ्फेदार सही केली.

"अहो, स्टँप केवढ्याचा?" काकूंनी विचारलं.

"एक रुपयाचा."

"म्हणजे रेडिओचे आले ते त्यातच गेले."

"तो खर्च वेगळ्या खाती पडतो," अण्णा म्हणाले, आणि शाई वाळायला पावती पंख्यासमोर धरली. पंख्याची मान डावीकडे होती.