क्षमा आणि मोटर

हैदराबादच्या तारनाक्यात आमच्या गल्लीत नळ एक दिवसाआड येतो. तो आला की शेजारी थेट लाइनीला मोटर लावतो. त्याचा संप, म्हणजे जमिनीतली टाकी, भरून वाहतो, आमच्या संपात पाली खेळतात. दोन उन्हाळे मी गच्चीवरून त्याच्याकडे डोळे वटारले. अशाने पाण्याचा दाब वाढत नाही.

वरच्या मजल्यावर नगरकडचे ख्रिस्ती काका राहतात, दक्षिण मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले. पहाटेच्या माझ्या शिव्या त्यांच्या खिडकीपर्यंत जात असाव्यात. एका रविवारी चर्चहून येताना त्यांनी मला जिन्यातच धरलं आणि सिस्टर राणी मारियांची हकीकत सांगितली. २५ फेब्रुवारी १९९५ला मध्य प्रदेशात, इंदूरला निघालेल्या बसमध्ये समंदरसिंगने त्यांना भोसकून मारलं. २००२ साली त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉलनी, तुरुंगात जाऊन त्याच समंदरसिंगला राखी बांधली. पुढे राणी मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी खटपटही केली. २००६मध्ये तो सुटला.

मी खाली मान घातली. बहिणीच्या खुन्याला राखी, आणि इथे चार बादल्यांसाठी माझं रक्त आटतंय!

काकांनी मग पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला सल्ला सांगितला. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला, तहानेला असेल तर पाणी पाजा; त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास रचल्यासारखं होईल. काकांचा भर जेवू घालण्यावर होता, माझे कान निखाऱ्यांवर टवकारले. पाजण्याचं पुण्य तर दिवसाआड पदरात पडतच होतं. राहिलं जेवण.

होळीला पुरणपोळ्यांचा डबा घेऊन निघालो. बायको म्हणाली, "नुसता डबा द्या आणि या. भाषण नको." पण न सांगता केलेली क्षमा समोरच्याला कळणार कशी? त्याच्या पाहुण्यांदेखत मी गंभीर आवाजात म्हणालो, "भाई, मोटर का जो भी है, मैं आपको माफ कर दिया."

"अरे वा! हमारे भक्षालु जैसाच है," पोळी मोडत तो म्हणाला. मग एकदम चेहरा उजळला. "माफ कर दिये? सच्ची? मैं सोचा आप नाराज हैं. अब टेन्शन नक्को."

पुढच्या पाण्याला त्याने दुप्पट ताकदीची मोटर बसवली.

मी काकांकडे धावलो. किती वेळा क्षमा करायची? पेत्राने येशूला हेच विचारलं होतं म्हणे, आणि उत्तर मिळालं, सातांच्या सत्तर वेळा. म्हणजे ४९०. पाणी दिवसाआड, म्हणजे मला सुमारे पावणेतीन वर्षं लागतील. मोजायचं नसतं, असं काका म्हणाले, पण तोवर माझा हिशेब झाला होता.

नळाच्या लाइनीला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. मी तक्रार करू शकत नाही, मी क्षमा करून बसलोय. वाचकांपैकी कुणी केली, तर माझी काही हरकत नाही.